डावा गुडघा

अण्णा,

तुमच्या नावानं आता सेलूत स्पर्धा भरते. दरवर्षी, मुलींची कबड्डी, मॅटवर. कमानीवर तुमचा फोटो असतो, गळ्यात शिट्टी, आणि खाली लिहिलेलं, 'ज्यांनी मुली घडवल्या'. मी त्या कमानीखालून डावा पाय ओढत आत जाते आणि तुमचे जुने विद्यार्थी सरांची मुलगी म्हणून मला हात जोडतात. माझं चालणं कोणाच्या नजरेला येत नाही. यंदाच्या स्पर्धेआधी त्यांनी स्मरणिकेसाठी तुमच्यावर दोन पानं मागितली होती. तेव्हा राहून गेलं, आता लिहायला बसले आणि हे निघालं. हे त्यांना देता येणार नाही, आणि तुम्हाला तर काहीच देता येत नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता लोक तुमच्याबद्दल फक्त चांगलंच बोलतात. मला ते जमत नाही.

मी अकरावीत आहे. पूर्णेला जिल्ह्याची फायनल आहे, रेल्वेच्या रुळांकडच्या मैदानावर, तेव्हा मातीच होती. मी चढाईला जाते, एक गडी टिपते, वळते, आणि कोपऱ्यातली पोरगी माझा घोटा धरते. पाय जागच्या जागी रुतलेला, अंग मात्र मध्यरेषेकडे वळलेलं. गुडघ्यातून आवाज येतो, कापसाची वाळलेली पऱ्हाटी मोडावी तसा. तुम्ही रेषेला लागून उभे होतात. तो आवाज तुम्हीही ऐकलात, नाहीतर तुमचा चेहरा तसा झाला नसता. मग तुम्ही आत आलात, गार स्प्रे मारलात, बँडेज आवळलंत आणि म्हणालात, "ऊठ. काय झालं न्हाई तुला. नाटकं करायलीस का?" मी उठले. तुमच्या आवाजाला उठायची सवयच होती मला, घरातही आणि मैदानावरही. आपण जिंकलो. पोरांनी तुम्हाला खांद्यावर घेतलं. मी सामानाच्या पिशवीवर पाय ठेवून बसले होते आणि गुडघा माझ्या डोळ्यांदेखत पपईसारखा फुगत चालला होता. तुम्ही वरून एकदा माझ्याकडे बघितलंत आणि हात हलवलात, जणू मीच तेवढी नाचायला यायची राहिले होते.

घरी आल्यावर आईनं आंबेहळद उगाळून लेप केला. स्टोव्हचा भपका, वाटीत खदखदणारा तो पिवळा गोळा, आणि तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात उभे. "लेप लाव," तुम्ही म्हणालात, "पण उगं रडायला शिकवू नको तिला." आई लेप लावत राहिली. तुमच्यापुढे ती कधीच काही बोलली नाही. सूज उतरेना तेव्हा तुम्ही मला परभणीला हाडाच्या डॉक्टरांकडे नेलंत. त्यांनी माझा गुडघा वाकवून नडगी दोन्ही हातांनी पुढं ओढून बघितली, परत परत बघितली, आणि मला म्हणाले, "बेटा, बाहेर बस जरा." मी बाहेर बसले. तुम्ही थोड्या वेळानं आलात, माझ्या दंडाला धरून उठवलंत आणि म्हणालात, "मोच हाय. चल."

त्या मोचेवर मी सबंध हंगाम खेळले. गुडघा मधेच निसटायचा. जिना उतरताना, सायकलवरून पाय टेकवताना, खालचं हाड एकीकडे आणि वरचं दुसरीकडे जायचं, आणि मी काही तरी धरून उभी राहायचे. तुम्हाला सांगितलं की तुम्ही बँडेजचा आणखी एक वेढा वाढवायचात. शेवटी राज्याच्या सामन्यात गुडघा अडकला तो सरळच होईना. तेव्हा कुठं औरंगाबादला नेलंत. तिथल्या डॉक्टरांनी दुर्बिणीनं ऑपरेशन केलं. मांडीमागची पट्टी काढून तिचं हाडांना बांधणारं नवं लिगामेंट बनवलं, आणि दोन हाडांमधली फाटलेली गादी बरीचशी कापून टाकली. शुद्धीवर आले तर पलंगावर पायाशी खोकं होतं. मॅटवर खेळायचे नवे बूट. पांढरे, निळ्या पट्ट्यांचे, माझ्या मापाचे. मला लघवीला उठता येत नव्हतं आणि तुम्ही म्हणत होतात, "पुढच्या हंगामाला हेच घालायचे." आयुष्यात तुम्ही मला दिलेली ती एकुलती एक भेट. नर्सबाई कौतुकानं म्हणाल्या, वडील किती जीव लावतात. मी भिंतीकडे तोंड केलं.

मी परत खेळले नाही. व्यायाम सगळे केले, पाय सरळ उचलायचा, टॉवेल टाचेखाली, भिंतीला टेकून बसायचं, सगळे. पाय भरला, निसटायचा थांबला. पण मैदानावर उभी राहिले की घोट्यावर कोणाचा तरी हात आहे असं वाटायचं आणि मी वळायचेच नाही. तुम्ही बूट कोणाला तरी देऊन टाकलेत आणि माझ्याशी बोलणं सोडलंत. बोललात ते पाहुण्यांशी, मी चहा घेऊन येत असताना: "आमची पोरगी देशाकडून खेळली असती. पण भेदरट निघाली." किती जणांना सांगितलंत अण्णा. माझ्या नवऱ्यालाही, लग्न ठरायच्या बैठकीत. त्याला वाटलं, तुम्ही गंमत करताय.

मी डी.एड. केलं, जिल्हा परिषदेच्या शाळेत लागले. पहिली दहा-बारा वर्षं गुडघा गप्प होता. मला वाटलं, सुटले. मग थंडीत सकाळी आखडायला लागला. मग पहिलीच्या पोरांसोबत खाली सतरंजीवर बसता येईना. त्यांची पाटी बघायला मला वाकावं लागतं, बसता येत नाही. पंगतीत मांडी घालता येत नाही, पूजेला पाटावर बसता येत नाही. तुमच्या दहाव्याला सगळी भावकी खाली बसलेली होती आणि मी एकटी प्लास्टिकच्या खुर्चीवर, पाय पुढं सोडून. एक चुलती दुसरीला म्हणाली, "बापापुढं बी पाय पसरून बसलीय बघ." मी ऐकलं आणि पाय तसाच ठेवला.

तेराव्यानंतर आईनं तोंड उघडलं. आम्ही दोघी तूर निवडत बसलो होतो, ती खाली, मी पलंगावर. ती मान वर न करता म्हणाली, "परभणीच्या डाक्टरनं तवाच सांगितलं होतं त्यान्ला. गुडघ्यातली दोरी तुटलीय म्हणून. खेळू देऊ नका, गुडघा खराब होईल म्हणून."

"तुला कधी कळलं?"

"त्याच दिवशी. मला म्हणले, तिला सांगशील तर बघ. एवढा हंगाम जाऊ दे म्हणले."

मी तिला काय बोलणार होते? ती तूर निवडत राहिली. पण तुम्ही, अण्णा. मी बाहेरच्या बाकावर बसले होते तेव्हा तुम्ही आत सगळं ऐकून घेतलंत, बाहेर आलात, आणि माझ्या दंडाला धरलंत. तो हात मला अजून आठवतो. उबदार होता. त्याचाच मला सगळ्यात जास्त राग येतो.

मागच्या वर्षी परभणीला एक्स-रे काढला. डॉक्टर तरुण आहेत, मोकळं बोलतात. त्यांनीही नडगी ओढून बघितली आणि म्हणाले, "लिगामेंट एकदम टाइट आहे मॅडम. ज्यांनी केलंय त्यांनी मस्त केलंय." मग त्यांनी एक्स-रे उजेडावर धरला आणि आवाज उतरला. आतल्या बाजूला हाडाला हाड टेकलेलं. "वय चाळिशीचं, सांधा मात्र साठीच्या बाईचा आहे. पहिल्यांदा दुखलं त्यानंतर किती खेळलात?" मी सांगितलं. ते म्हणाले, "तिथंच गादी गेली." मी विचारलं, तेव्हाच थांबले असते तर? ते खरं बोलणारे आहेत. म्हणाले, "ऑपरेशन झालेला गुडघा तसाही इतरांपेक्षा लवकर झिजू शकतो. पण गादी असती तर बरंच वाचलं असतं." बदलायचा का, तर आत्ता नको, वय कमी आहे, नवा सांधाही झिजतो. वजन सांभाळा, मांड्यांचे व्यायाम करा, दिवस ढकला. म्हणजे थोडा दोष त्या इजेचा आहे. तो मी तुम्हाला माफ करते. उरलेला करत नाही.

आता यंदाचं सांगते. मी पाहुणी म्हणून समोरच्या खुर्चीत बसले होते, खांद्यावर तुमच्या नावाची शाल. सेमीफायनल. वालूरची एक पोरगी चढाईला आली, हलकी, हरणासारखी, दोन चढाया तिनं अशा केल्या की लोक उभे राहिले. तिसऱ्या वेळी वळताना तिचा घोटा धरला गेला. मॅटवर आवाज येत नाही, पण ती ज्या तऱ्हेनं गुडघा दोन्ही हातांत धरून बसली, ते मला पुरे होतं. तिचे सर तुमचेच विद्यार्थी. त्यांनी स्प्रे मारला, बँडेज काढलं आणि म्हणाले, "ऊठ, काय न्हाई झालं." शब्दसुद्धा तुमचेच.

मी उठले. शाल खुर्चीतच राहिली. चपला घालून मॅटवर गेले, पंच ओरडत राहिले. "ही परत खेळणार नाही," मी म्हणाले.

"ताई, मोच हाय नुसती. दोन मिन्टं राहिलेत. अण्णा असते तर..."

"अण्णा असते तर पाठवलंच असतं तिला. म्हणून तर मी आलेय."

निवेदकाचा माइक जवळच होता. सगळ्या मैदानानं ऐकलं. कमानीकडं कोणी बघितलं नाही, माझ्याकडंही नाही, सगळे खाली बघायला लागले. सर माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "ताई, सरांच्या स्पर्धेत सरांची इज्जत काढायलात तुमी." मी म्हणाले, "हो." मग त्या पोरीचा हात खांद्यावर घेतला, आणि आम्ही दोघी लंगड्या बाहेर पडलो. तिचा संघ हरला.

परभणीला माझ्या त्याच तरुण डॉक्टरांकडे तिला नेलं. एमआरआयमध्ये लिगामेंट तुटलेलं निघालं, गादी मात्र शाबूत. डॉक्टर खूश होते. तिची आई खूश नव्हती. ती शेतमजुरीला जाते, काम सोडून आली होती, आणि दवाखान्याच्या दारात मला म्हणाली, "आवं बाई, तुमी बसल्या नोकरीवर. हिला खेळाचं सर्टिफिकेट भेटलं असतं, पोलीस भरतीत लागली असती. दोन मिन्टाचाच खेळ व्हता ना?" मी तिला हाडाला हाड टेकतं म्हणजे काय ते सांगायला लागले. ती म्हणाली, "ते चाळिशीत ना? आमची चाळिशी कुणी बघितलीय." तुम्ही असतात तर तिच्या बाजूनं बोलला असतात, आणि ती तुमच्या पाया पडली असती. या विचारानं मला अजून संताप येतो.

पोरीचं ऑपरेशन झालं. मी रविवारी वालूरला जाते, तिचे व्यायाम करून घेते. घाई करू देत नाही. ती विचारते, "मॅडम, मी परत खेळीन का?" मी खरं तेच सांगते, की माहीत नाही, आणि खेळलीस तरी पुढं गुडघा कसा राहील तेही माहीत नाही. तिची आई चहा आणून ठेवते आणि आत निघून जाते. तुमच्या शिष्यांनी निरोप पाठवला आहे की पुढच्या वर्षी पाहुणे दुसरे बोलावतील.

हे मी स्मरणिकेला देणार नाही. आईच्या हातीही पडू देणार नाही, ती थकली आहे. फाडूनच टाकीन. पण एक गोष्ट कोणालाच सांगितलेली नाही, ती इथं लिहिते. ती पोरगी पडली तेव्हा दोन्हीकडं सारखे गुण होते. ती मॅटवर कळवळत होती, आणि अण्णा, तिच्या गुडघ्याच्या आधी माझी नजर गुणफलकाकडं गेली होती.