घटस्फोट कायम ठेवून हार्वेस्टर एकत्र चालविण्यास मान्यता मिळणेबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष,
तालुका विधी सेवा समिती,
रिसोड, जि. वाशिम.

अर्जदार : वर्षाराणी मारोतराव गाडे, वय ३४, धंदा – हार्वेस्टर चालविणे, रा. रिठद, ता. रिसोड.
गैरअर्जदार : अमरदीप बोडखे, वय ३८, धंदा – शेती व हार्वेस्टर दुरुस्त करणे, रा. रिठद.

विषय : समजोत्यातील अट क्र. ७ (सम-विषम तारीख) रद्द होणेबाबत. घटस्फोटास हात न लावता.

संदर्भ : १) आपल्यासमोर झालेला लेखी समजोता.
२) शेतकरी बाबूसिंग राठोड यांचा तोंडी तगादा.

महोदय,

१. अर्जदार व गैरअर्जदार यांचा अकरा वर्षांचा संसार चालू वर्षी उन्हाळ्यात परस्पर संमतीने संपला. भांडण मोठे नव्हते, पण रोजचे होते. मला बोलल्याशिवाय राहवत नाही आणि गैरअर्जदार विचारल्याशिवाय बोलत नाहीत, विचारल्यावरही क्वचितच. घर व शेत त्यांना, रिसोडचा प्लॉट व दागिने मला, ही वाटणी अर्ध्या तासात झाली. अडले ते हार्वेस्टरवर. माझ्या वडिलांची जमीन रस्त्यात गेली, तिच्या मोबदल्यातून आणि गैरअर्जदारांचा जुना ट्रॅक्टर विकून तो घेतलेला असून कागद दोघांच्या नावाने आहेत. चालविते मी, दुरुस्त करतात ते. विकायला दोघेही तयार नव्हतो.

२. तेव्हा सम तारखेस तो गैरअर्जदारांचा व विषम तारखेस माझा, ताबा सकाळी सहा वाजता, जिथे उभा असेल तिथे, ही अट आम्ही दोघांनीच हट्टाने लिहून घेतली. मध्यस्थ मॅडमनी "पुन्हा विचार करा" असे दोनदा सांगितले होते, हे प्रामाणिकपणे नमूद करते.

३. दि. १ ऑक्टोबर रोजी, म्हणजे माझ्या तारखेस, मी बाबूसिंग राठोड यांचे सोयाबीन काढत असताना मशीनचा पट्टा तुटला. गैरअर्जदार शेजारच्याच धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसलेले होते. मी हाक मारली असता त्यांनी, "आज तारीख तुही हाये. मी उद्या पाहीन," असे उत्तर दिले व ते बसूनच राहिले. दुसऱ्या दिवशी, स्वतःच्या तारखेस, त्यांनी पट्टा दहा मिनिटांत बसविला आणि मशीन स्वतः चालवून शेजारच्या शेतकरी भागिरथाबाई यांच्या शेताचे तारेचे कुंपण आडवे केले. भागिरथाबाईंनी मला बोलावून विचारले, "पोरी, ह्याले सोडलं तं सोडलं, स्टेरिंग कायले सोडलं त्याच्या हाती?" माझी पुढची तारीख कटरात गुंतलेली तार सोडविण्यातच गेली. बाबूसिंग यांचे शेत तोपर्यंत निम्मे भादरलेले व निम्मे उभे होते.

४. दि. ५ रोजी गैरअर्जदार कॅलेंडर घेऊन आले. ऑक्टोबर महिना एकतीसचा, त्यानंतर लगेच एक तारीख, दोन्ही विषम. "म्हंजे तुले दोन दिवस लगातार? काहून?" वास्तविक त्या तारखेस आमच्या शिवारात सोयाबीनचे एक झाडही उभे राहणार नव्हते. तरीही या मुद्द्यावर आम्ही सकाळपासून दुपारपर्यंत भांडलो. संपूर्ण संसारात गैरअर्जदार एवढे सलग कधी बोलले नव्हते.

५. अखेर गावातील गोविंदसिंग यांनी मशीनच सुट्या भागांत वाटून घ्यावी असा तोडगा काढला. ते वकील नाहीत, परंतु त्यांना सर्व कायदा येतो. त्यानुसार पुढचा कटर गैरअर्जदारांना व इंजिनसह मागचे सर्व मला मिळाले. त्यांनी कटर खोलून ट्रॉलीवर घातला व आपल्या अंगणात नेऊन त्यावर ताडपत्री टाकली. म्हणजे माझ्याकडे चालणारे पण न कापणारे यंत्र आणि त्यांच्याकडे कापणारे पण न चालणारे. अशा अवस्थेत तीन दिवस गेले. आम्हा दोघांपैकी कोणीही आधी बोलणार नव्हते.

६. दि. ९ रोजी रिसोडकडून आभाळ भरून आले. बाबूसिंग मी राहते त्या वडिलांच्या घराच्या दारात आले व उभ्या उभ्याच म्हणाले, "वहिनी, तुमचा घटस्फोट मले समजते. माह्या सोयाबीनले समजत नाही. शेंगा फुटून राह्यल्या." मला स्वतःची लाज वाटली. मी मशीन काढली व थेट गैरअर्जदारांच्या अंगणात नेऊन उभी केली. ते ताडपत्री काढूनच बसले होते. त्यांनी लगेच कटर जोडला. पावसाच्या आधी बाबूसिंग यांचे शेवटचे पोते छपराखाली गेले.

७. त्या दिवसापासून आम्ही सतरा दिवस तारीख न पाहता एकत्र काम केले. संभाषण फक्त मशीनविषयी झाले. मात्र गावात निराळाच त्रास सुरू झाला. माझे वडील दोन दिवस जेवले नाहीत, "लेकी, नक्की कागद झाले का नाही झाले?" एवढेच विचारत राहिले. गोविंदसिंग यांचे मत असे की, सतरा दिवस एका मशीनवर काम केल्यास घटस्फोट आपोआप रद्द होतो. हे खरे आहे काय, याचा लेखी खुलासा मिळावा. तसे नसल्यास फार उपकार होतील.

८. आता पुढे हरभरा व गव्हाच्या हंगामात मशीन घेऊन बाहेरच्या तालुक्यांत जावे लागेल. तिथले लोक आम्ही एकमेकांचे कोण, हे विचारतात. नवरा-बायको म्हटले तर खोटे होते, नाही म्हटले तर जेवण मिळत नाही. वरील सतरा दिवसांतच कारंजा लाड येथे कामाला गेलो असता एका शेतकऱ्याने माझ्यासमोरच गैरअर्जदारांना विचारले, "ह्या बाई कोन लागते तुमची?" गैरअर्जदारांनी बराच वेळ हात पुसले आणि म्हणाले, "डायवर हाये. हिच्यासारखी गाडी जिल्ह्यात कोनी चालवत नाही." अकरा वर्षांत माझ्याविषयी त्यांच्या तोंडून असे काही निघाल्याचे मला आठवत नाही. मी इंजिन सुरू केले, कारण तिथे उभे राहणे मला जमेना. ही बाब केवळ माहितीस्तव सादर. तिच्या आधारे कोणतीही मागणी नाही.

तरी विनंती की, अट क्र. ७ रद्द करून चालविणे माझ्याकडे, दुरुस्ती गैरअर्जदारांकडे व मालकी दोघांकडे अशी नोंद व्हावी. तसेच आम्ही एकमेकांचे कोणी लागत नसून हार्वेस्टर मात्र आमचा आहे, असे एक प्रमाणपत्र सोबत बाळगण्यास मिळावे. त्यात आणखी काही लिहावे लागणार असेल, तर मला आधी विचारावे. गैरअर्जदारांना विचारून उपयोग नाही, ते सांगणार नाहीत.

आपल्या उत्तराच्या प्रतीक्षेत असलेली,
नम्र अर्जदार,
(सही)
वर्षाराणी मारोतराव गाडे

रिठद, दि. १२ नोव्हेंबर २०२५

सोबत :
१) समजोत्याची प्रत.
२) हार्वेस्टरच्या नोंदणीपत्राची प्रत.
३) बाबूसिंग राठोड यांचा जबाब, अंगठ्यासह. (त्यांना सही येते, पण अंगठा जास्त पक्का वाटतो असे ते म्हणाले.)
४) गैरअर्जदारांचे संमतीपत्र. त्यावर ग्रीसचे डाग आहेत व मजकूर एकाच ओळीचा आहे : "वर्षा म्हणते तसं. प्रमाणपत्राची घाई नाही."