स्वरदाची भविष्यकाळाची वही

प्रिय स्वरदा,

मराठी वाचता येत नाही असलं मला सांगू नकोस. हिंदीचीच अक्षरं आहेत, जोडून जोडून वाच. फोन केला असता, पण तुझ्या मामाच्या घरात फोन आला की मामी स्पीकर लावते आणि आख्खं घर भोवती बसतं. म्हणून रमाकांत काका गावी निघालेत त्यांच्या हाती हे देतेय. परवा ते विट्यात पोचतील. पाकीट तुझ्याच हातात द्यायचं, धनंजयमामाच्या नाही, असं त्यांना दोनदा बजावलंय. रविवारी तुझी सुपारी फुटायच्या आत तू हे वाचलं पाहिजेस.

तुझे पप्पा बरे आहेत. खोकला आहेच. जन्मभर सोनं गाळताना तेजाबाचा धूर खाल्लाय, तो आता कुठं जातोय. दुकानातनं वर येतात, जेवतात, तुझा फोन आला का विचारतात आणि आडवे होतात. तू विमानतळाच्या परीक्षेत नापास झालीस ते त्यांना तुझ्यापेक्षा जास्त लागलंय. पोरगी अमौसीच्या विमानतळावर नोकरीला लागणार म्हणून त्यांनी अर्ध्या चौकाला आधीच सांगून ठेवलं होतं. आता कुणी विचारलं की वजनकाट्याकडे बघत बसतात.

तू गेल्यावर तुझं कपाट काढलं आवरायला. पुस्तकं रद्दीवाल्या भैयाला द्यायची होती. त्यात तुझी इंग्रजीची वही निघाली. भविष्यकाळाची पानंच्या पानं. वाक्यात एक जागा गाळलेली, खाली चार शब्द, त्यातला बरोबर तो निवडायचा. म्हटलं बघू तरी पोरगी रात्र रात्र कशात डोकं घालून बसायची. मी चौथी पास, पाट्यांवरचं इंग्रजी अक्षर लावून वाचणारी. एका पानाला दुपार गेली, तरी काही कळेना. शेवटी वही घेऊन शेजारच्या गीता भाभींकडे गेले. त्या तीस वर्षं शाळेत शिकवत होत्या, त्यांना काय अवघड. त्यांनी सांगितलं, बसल्या जागी आत्ता ठरवलं त्याला एक रूप, मनात आधीच पक्कं केलंय त्याला दुसरं, आणि गाडीच्या टायमासारखं भलत्याच कुणी ठरवून ठेवलंय त्याला तिसरं. मी म्हटलं, एवढी भानगड कशाला, आमच्यात जाईन म्हटलं की झालं, मग माणूस जातो नाहीतर राहतो. त्या हसायला लागल्या. म्हणाल्या, भाभीजी, आप तो इम्तहान लेने वाले से भी लड़ लेंगी. पण मी सोडलं नाही. रोज भांडी झाली की जायची. आता दहात सहा बरोबर येतात. उरलेल्या चारांवर अजून भांडण आहे.

तिसऱ्या प्रकाराचं मात्र मला पहिल्या दिवशीच कळलं. माझं लग्न तसंच झालं. सोळाची होते, परसात भांडी घासत होते. आईनं येऊन सांगितलं, मुलगा लखनौला सोनं गाळायच्या, गलाईच्या दुकानात आहे, वैशाखात करायचं. लखनौ कुठं आहे ते मला ठाऊक नव्हतं आणि विचारायचं असतं हेही ठाऊक नव्हतं. रडलेबिडले नाही. पण चारबाग स्टेशनला गाडीतनं उतरले तेव्हा घसा नुसता कोरडा पडला होता. नळावर बायका होत्या. त्यांना बाजूला व्हा, पाणी पिऊ द्या, हे हिंदीत कसं म्हणायचं ते येईना, आणि तुझे पप्पा बोचकी उचलायच्या गडबडीत. तशीच तहानलेली या घरात शिरले. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. धनंजयनं तुला बघितलेल्या त्या विश्वजितचं दुकान मदुराईला आहे. तिथं पाणी मागायला काय म्हणतात मला माहीत नाही, तुलाही माहीत नाही.

वहीच्या शेवटी तू स्वतःची दहा वाक्यं केलीयत. भाभींनी एकेक वाचून हिंदीत सांगितली. पहिल्या पगारात पप्पांना छातीच्या डॉक्टरकडे नेणार. मैत्रिणीबरोबर, त्या शर्वरीबरोबर, एकदा तरी विमानात बसणार. सातव्या वाक्याला भाभी थांबल्या आणि आठवं वाचायला लागल्या. मी म्हटलं, मधलं गाळू नका. मग त्यांनी वाचलं, माझी आई हो म्हणणार नाही. त्याच्यापुढं तुझ्या क्लासच्या मॅडमनी लाल पेनानं बरोबरची खूण केलीय. मी वही उचलली आणि चहा तसाच टाकून घरी आले. दोन दिवस पांघरूण घेऊन पडून राहिले. पप्पांना वाटलं ताप आहे, त्यांनी गोळी आणून दिली. तीही घेतली.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसले ते लिहिते. तू नापास झाली नव्हतीस. तुझा मोबाईल तेव्हा दुरुस्तीला होता, म्हणून अर्जावर तू माझा नंबर घातला होतास. तू शर्वरीकडे गेली होतीस त्या दुपारी फोन आला. बाई नीट हिंदीत बोलत होती. म्हणाली, स्वरदा पास झाली, सोमवारपासून ट्रेनिंग आहे, येईल ना? मी म्हटलं, उसकी शादी तय हो गई है, नहीं आएगी. तेव्हा काहीच तय नव्हतं. तो फोन ठेवला आणि मगच धनंजयला लावला, की पोरीला स्थळ बघ, लवकर बघ. तू तीन आठवडे रोज सकाळी निकाल शोधत होतीस आणि मी तुझ्यापुढं पोह्यांची ताटली ठेवत होते. शेवटी नापासच झाले असं तू धरून चाललीस. पाळ्यांची नोकरी, लोक काय म्हणतील, असलं पुष्कळ सांगता येईल. खरं म्हणजे तू आताच मला हिंदीत उत्तर देतेस. इंग्रजीत गेलीस की माझ्याशी बोलायला तुझ्यापाशी काही उरणार नाही, असं वाटलं. या सोमवारी मी मेट्रोनं एकटी अमौसीला जाऊन आले. तुझी जागा गेली. पुढची तुकडी एक तारखेला आहे, पण आईच्या तोंडाचं तिथं चालत नाही, मुलीनं पंचवीस तारखेच्या आत स्वतः यावं, असं तिथल्या बाई म्हणाल्या. घेतीलच असं नाही. रमाकांत काकांकडे तुझं शनिवारचं परतीचं तिकीट दिलंय. विश्वजित तुला मनापासून आवडला असेल तर तिकीट फाड आणि लग्न कर, मी अक्षता टाकायला येईन. पण नापास झाले म्हणून करतेय, असं करू नकोस. पप्पांना अजून सांगितलेलं नाही, आज जेवायच्या आधी सांगणार आहे. माफ कर असं म्हणत नाही, ते तुझं तू बघ. मामा चिडेल, मामी रडेल. काय झालं म्हणून कुणी विचारलं तर माझं नाव घे. मी नाकारणार नाही.

तुझीच, जिनं तो फोन घेतला ती,
आई