रुग्णाशी नाते

रनाळे,
बुधवार

प्रिय गजरा,

माझं अक्षर तू लगेच ओळखशील. म्हसावदच्या शाळेत सातवीपर्यंत एका बाकावर बसलो आपण. तू रनाळ्याहून गेल्यापासून एकवीस वर्षांत मी तुला पत्र लिहिलं नाही. फोन मुद्दामच करत नाही. फोनवर तू रडशील, आणि मला ते ऐकायचं नाही.

त्या दिवशी भर उन्हात तू ह्यांना, दोधूंना, घेऊन ओट्यापाशी उभी राहिलीस, तेव्हा मी मिरच्यांचे देठ खुडून नुकतीच घरी आले होते. हातांची आग होत होती. आधी मी त्यांना ओळखलंच नाही. गालफडं बसलेली, दोन पावलं टाकली की खोकला. मग तुला ओळखलं. तू पिशवीतून सुरतच्या डॉक्टरचे कागद काढून ओट्यावर ठेवलेस आणि म्हणालीस, "फुफ्फुसमा कॅन्सर शे. तठे आमनं कार्ड नही, काहीच नही. रेशनकार्डवर त्यास्नं नाव आठेच शे, तुन्हासंगे. कागदवर तू शेस, मी नही." पाणीसुद्धा न पिता परत फिरलीस. गल्लीतल्या बाया म्हणाल्या, आजारी पडला तशी टाकून गेली. मी त्यांना बोलू दिलं. दोधूंना औषधपाणी मिळावं म्हणून तू त्यांना सोडून जातेयस, हे मला तेव्हाच कळलं होतं.

राग त्याचाच आला. तुला नवऱ्याने टाकलं तेव्हा मीच तुला रनाळ्याला आणलं, मिरची वाळवायच्या पथारीवर कामाला लावलं, माझ्या चुलीवर जेवू घातलं. तू माझा नवरा नेलास तेव्हा माझा अपमान झाला. पण तो परत आणून दिलास तेव्हा तू माझ्यापेक्षा मोठी झालीस. ते मला सोसलं नाही.

केलं मात्र मी सगळं. आधारवर 'दोधू' आणि रेशनकार्डवर 'दोधा', एवढ्याशा फरकापायी चार वेळा नंदुरबारला तहसीलच्या पायऱ्या चढले. मग नाशिकचा दवाखाना. तिथे रूपालीताई म्हणून समाजसेविका होत्या, भल्या बाई. केमो सरकारी योजनेत बसतं, तपासण्यांसाठी ट्रस्टला अर्ज करायचा, एसटीच्या सवलतीसाठी डॉक्टरचा दाखला घ्यायचा, राहायला धर्मशाळा आणि दोन वेळचं जेवण, हे सगळं त्यांनी मला समजावलं. प्रत्येक अर्जावर एक रकाना असायचा, 'रुग्णाशी नाते'. मी तिथे 'पत्नी' लिहायचे. पहिल्यांदा लिहिताना हात थांबला. नंतर नंतर मला ते लिहायला आवडू लागलं.

दोधूंचा मोबाइल पाण्यात पडला असं मी तुला सांगितलं होतं. तो माझ्या पेटीत होता. त्यांना सांगितलं, एसटीत हरवला. मग तू माझ्याच फोनवर फोन करायचीस, भेटायला येऊ का विचारायचीस. मी म्हटलं, तू इथे दिसलीस तर हे दुसऱ्या बाईबरोबर राहत होते हे साहेबांना कळेल आणि सगळी मदत बंद होईल. तू घाबरलीस. "मंग नही येत मी. पन त्यास्ले सांगजो, मी शे म्हनीसन," म्हणालीस. शिलाई मशीन विकून पैसे पाठवलेस. योजनेत न बसणारी औषधं त्यातून आली. त्यांना मी सांगितलं, ट्रस्टने दिली.

गजरा, असा काही नियम नव्हता. उलट रूपालीताईंनीच एकदा मला बाजूला घेतलं. "पेशंट सारखं कुणा गजराबाईंचं नाव घेतात. बोलवा ना त्यांना. संध्याकाळी कुणीही भेटायला येऊ शकतं, त्याचा मदतीशी काही संबंध नाही." मी म्हटलं, त्या वारल्या. रूपालीताईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

दर केमोच्या वेळी ते मला विचारायचे, "गजराले पत्र धाडं का?" मी म्हणायचे, "धाडं." पुढच्या खेपेला दाराकडे बघत विचारायचे, "ऊनी का?" मी म्हणायचे, "नही ऊनी." त्यांची थुंकी मी पुसली, अंग पुसलं, केस गळाले तेव्हा डोक्याला फडकं बांधलं, वरणात भात कुस्करून घास भरवले. यात कुठे खोट काढता येणार नाही तुला. चौथ्या महिन्यात त्यांनी तुझ्याबद्दल विचारणं बंद केलं. त्या दिवशी धर्मशाळेत मी पोटभर जेवले.

औषध लागू पडलं नाही. डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं. आज बारा दिवस झाले त्यांना जाऊन. दुपारची वेळ होती, घरात आम्ही दोघंच. श्वास पुरत नव्हता तरी बोलले, "गजरा बी सोडी गई मले." सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी फक्त त्यांचं तोंड पुसलं. तुला पाठवलेलं पत्र म्हणशील तर हे पहिलंच. दहाव्याला अख्खा गाव आला. असल्या नवऱ्याचंही किती केलं म्हणून बाया माझ्या पाया पडतात. रूपालीताईंनी फोनवर सांगितलं, तुमच्यासारखी बायको आम्ही पाहिली नाही. एवढ्या वर्षांनी मी गावात चांगली बाई झालेय, आणि ते मला घास गिळू देत नाही. म्हणून लिहिलं. माफी मागत नाही, तू दिलीस तरी मला नको. तू सोडलंस असं समजून ते गेले, हे तुला जन्मभर माहीत असू दे. आणि मी काय केलं हे ठाऊक असणारं, माझा तिरस्कार करणारं, कुणीतरी एक माणूस मला हवं आहे. तुझ्याशिवाय दुसरं कोण आहे?

तुझीच,
निर्मला