मनूला साडी नेसवली

मंगळवार, भुसावळ

सुट्टीत विश्वासाने दोन्ही मुली साक्रीला नणंदेकडे पाठवल्या, आणि तिने माझ्या दहावीतल्या मनूला साडी नेसवून पाहुण्यांपुढे बसवलं! धाकटीने चोरून फोन केला म्हणून कळलं. मी तशीच बसने गेले.

"वहिनी, पोऱ्या चांगला शे," नणंद म्हणाली.

"मग अक्का, तुमची पोर द्या की!"

ती चहा ठेवायला आत गेली. तिची मुलगी नाशिकला कॉलेजात शिकते. साडी मात्र माझ्या मनूला!

मुलींना घेऊन घरी आले, तर हे म्हणतात, "अक्काचा हेतू वाईट नव्हता."

म्हणजे यांना माहीत होतं? विचारलं. यांनी मान खाली घातली.

मुलींच्या खोलीत आतून कडी लावून लिहितेय. हे दार ठोठावताहेत. ठोठावू देत.