दुकानासमोरचा करंज

मी, खाली सही करणारी, भर बाजारातल्या फोटोच्या चौकटींच्या दुकानाची मालकीण, सगळ्या रस्त्याची चौकटवाली काकू, वय सत्तरीच्या पुढे, राहणार दुकानाच्या वरच्या मजल्यावर, हे लिहून ठेवते. माझं डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत असं वकीलबाई म्हणतात. माझ्यावर कुणाचा दबाव नाही. तो मी आजवर कुणाला आणू दिलेला नाही. याआधी असं काही लिहिलेलं नाही, आणि जिवंत असेपर्यंत यात बदल करण्याचा हक्क मी राखून ठेवते.

कलम १. इमारतीचा पुढचा अर्धा भाग, म्हणजे दुकान, वरच्या दोन खोल्या, गच्ची आणि दुकानासमोरची रस्त्यापर्यंतची मोकळी जागा, सासऱ्यांनी केलेल्या वाटणीत माझ्या यजमानांकडे आणि त्यांच्यामागे माझ्याकडे आला. मागचा अर्धा भाग धाकट्या भावजींचा. माझा भाग मुलगा आणि मुलगी यांना समान मिळावा. मुलाने "ताईचं लग्न झालंय" हे वाक्य काढू नये. लग्न त्याचंही झालंय.

कलम २. बँकेतल्या ठेवीतून आधी माझ्या दवाखान्याचा खर्च भागवावा. उरेल ते दोघांचं.

कलम ३. काच कापायची हिऱ्याची कलम, कोपरे कापायची करवत आणि सगळ्या हातोड्या मुलीला. तिचा हात सरळ आहे. मुलाने लहानपणी ठोकलेला खिळा भिंतीत अजून वाकडा आहे आणि त्यावर काहीही टांगलं तरी ते तिरकंच बसतं.

कलम ४. लोकांच्या गेलेल्या माणसांना चौकटी घालण्यात माझा जन्म गेला. माझा फोटो लावायचाच असेल तर त्याला काच नको. रस्त्यावरच्या गाड्यांची चमक पडते आणि माणूस दिसत नाही.

कलम ५. धाकटे भावजी यांना या मृत्युपत्राने काहीही मिळणार नाही. कारणही लिहिते, म्हणजे मागाहून कुणी तर्क लढवत बसायला नको. दुकानासमोर सासूबाईंनी लावलेला गुलमोहर होता. भावजींनी गाडी घेतली तेव्हा मी माहेरी आजारी आईपाशी होते. परत आले तर गाडीसाठी समोरची सगळी जागा काँक्रीटने गुळगुळीत केलेली, आणि सिमेंट थेट बुंध्याला भिडवलेलं, गळ्याशी कॉलर आवळावी तसं. मुळंही त्या कामात तुटली असणार. पुढच्या वादळात झाड आडवं झालं. "वहिनी, ते आपणहून पडलं," भावजी म्हणाले. गळा आवळलेला माणूसही आपणहूनच पडतो. तेव्हापासून मी त्यांच्याशी बोलत नाही. गाडी अजून तिथेच असते, माझ्या जागेत. "भांडू नका, घर एक राहू दे," असं यजमानांनी शेवटच्या आजारपणात सांगितलं होतं, म्हणून मी मूग गिळून बसले.

कलम ६. समोर बसथांबा आहे. उन्हाळ्यात दुपारी बसची वाट पाहणारी माणसं विजेच्या खांबाच्या सावलीत एकामागे एक उभी राहतात. सावली सरकली की रांगही सरकते. हे बघत मी चौकटी ठोकते आणि माझा जीव कासावीस होतो. तिथे झाड हवं.

मुलगा म्हणाला, पुन्हा गुलमोहरच लाव. गुलमोहर दिसायला राजबिंडा, पण मुळं वरवरची आणि फांदी ठिसूळ. तो मोकळ्या मैदानात शोभतो. सून म्हणाली, तो उंच अशोक लावा, जागा खात नाही. तो दारवानासारखा नुसता उभा राहतो, सावली काय देणार? जांभळाचा विचार मीच केला आणि मीच सोडला, कारण पिकल्या जांभळांवरून रोज कुणीतरी घसरून पडलं असतं. शेवटी करंज ठरला. धूर, धूळ, तहान सोसतो. तारांना लागला तर छाटून घेतो. ऐन उन्हात त्याची पालवी कोवळी आणि दाट असते. पानांवर पुटकुळ्या येतात, येऊ द्याव्यात. माणसालाही मुरमं येतात, म्हणून कुणी त्याला तोडत नाही.

तो करंज मी गच्चीवर अर्ध्या ड्रममध्ये बीपासून वाढवला आहे. आता तो माझ्याहून उंच झालाय. पण ड्रम काही झाडाचं घर नव्हे. जमीन मिळेना की मुळं कडेकडेने गोल फिरतात आणि शेवटी स्वतःलाच आवळतात. तुमच्या कोर्टकचेरीसाठी ती थांबायची नाहीत. म्हणून माझी आज्ञा अशी: मी गेल्यावर दाखले, वाटणी, काहीही सुरू करण्याआधी गाडी हलवावी, काँक्रीट फोडावं, राडारोडा उचलून चांगली माती भरावी, गोल फिरलेली मुळं कापावीत आणि करंज लावावा. झाड लावायला सगळेच पुढे येतात. पहिले दोन उन्हाळे पाणी कोण घालणार, इथे घोडं अडतं. मुलगा दुसऱ्या शहरात, मुलगी दिवसभर नोकरीत. याची मला काळजी आहे.

इथवर वकीलबाईंनी वाचलं, चष्मा काढला आणि विचारलं, "काकू, जागा तुमची, झाड तुमचं, हौसही तुमची. मग हे करायला तुम्ही मरायची काय गरज आहे?"

मी कागद तिथेच ठेवला, कठड्याला धरून जिना उतरले आणि मागच्या बाजूला भावजींच्या दारात जाऊन उभी राहिले.

"गाडी काढा. मला तिथे झाड लावायचंय."

भावजींच्या हातातला पेपर खाली आला. "वहिनी, इतकी वर्षं एकदा तरी सांगायचंत!"

"सांगितलं असतं तर काढली असतीत?"

"नसती काढली. पण सांगायचं तरी."

गाडी निघाली. कोपऱ्यावर रस्ता दुरुस्त करणारे दोन मजूर मी बोलावून आणले. काँक्रीट फुटलं, ड्रम दोरांनी खाली आला. भावजी काठावर उभे राहून सूचना देत होते, सगळ्या चुकीच्या. "अजून खोल जाऊ दे, पक्कं बसेल!"

"भावजी, झाड आहे, खांब नव्हे. बुंधा वर घ्या."

मग ते स्वतः खड्ड्यात उतरले आणि मुळांचा गोळा दोन्ही हातांनी धरून वर उचलला. माती दाबताना मान खाली घालून म्हणाले, "तेव्हा सिमेंट इतकं जवळ आणायला नको होतं." मला रडू आलं, आणि भर रस्त्यात, बसच्या रांगेसमोर मी रडले.

म्हणून आता पुढे लिहिते.

कलम ७. कलम ६ रद्द. त्यावर रेघ मारावी, पण वाचता येईल अशी. पाण्याचं काही ठरलेलं नाही. जिना उतरवेल तोवर मी घालीन.

कलम ८. भावजींना सासऱ्यांचा जुना रंधा द्यावा असं दुपारी माझ्या मनात आलं होतं. पण साक्षीदार दोन लागतात आणि हाताशी एकच होता, शेजारचा शिंपी. वकीलबाई म्हणाल्या, ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये. तेव्हा भावजींना काहीही मिळणार नाही, हे मी कायम ठेवते. फक्त कारण बदललं आहे.

हे सगळं मी वाचलं, मला पटलं, आणि दोन्ही साक्षीदारांच्या देखत मी सही केली. त्यांनीही माझ्यादेखत केली. कागदावर मातीचे डाग आहेत, त्यांना खाडाखोड समजू नये.

सही: चौकटवाली काकू
स्थळ: दुकानाचा ओटा
दिनांक: करंज लावला तो दिवस. आकडा वकीलबाईंच्या शिक्क्यात आहे.

साक्षीदार १: शेजारचा शिंपी. सही माझ्यासमोर झाली. फांदीने माझी पाटी झाकली तर तक्रार करण्याचा हक्क राखून ठेवतो.

साक्षीदार २: धाकटा दीर. सही माझ्यासमोर झाली. कलम ५ वाचलं, त्यातलं सगळं खरं आहे. दोन्ही उन्हाळे पाणी मी घालीन. चुकलं तर वहिनींनी वरून ओरडावं.