फोनमधल्या परवानग्या

कोपरी, ठाणे पूर्व
१८ नोव्हेंबर २०२५

चि. रुचिता,

सुखी राहा. आम्ही दोघं ठीक. अण्णांचा गुडघा अजून कुरकुरतो, पण पेपर आणायला स्वतःच जिना उतरतात, म्हणजे फार काळजीचं कारण नाही. डोंबिवलीच्या खोलीत पाणी नीट येतं का? सुमतीमावशी तुझ्याकडे येतेच आहे, म्हणून तिच्या हाती थालीपिठाची भाजणी आणि हे पत्र देते आहे. आईला एकदम पत्र का सुचलं, असं तुला वाटेल. फोनवर तू ‘बोल गं’ म्हणालीस की मी भाजीचे भाव सांगत सुटते, म्हणून.

इथली मोठी बातमी म्हणजे तुझ्या आईने फोन आणि कॉम्प्युटर धुऊन काढले. हसू नकोस. आपल्या मंडळाची वधू-वरांची यादी मी एका फुकट ॲपात भरली होती. पंधरा दिवसांत यादीतल्या सगळ्या आयांना विमा काढायचा का, प्लॉट हवा का, असे फोन सुरू झाले. त्यातल्याच दक्षताच्या आईने मंडळाच्या भर मीटिंगमध्ये माझी पूजा बांधली. शेवटी तुझ्या चुलतभावाला, विनीतला, बोलावलं.

तो रविवारी आला. “काकू, फुकट आहे म्हणून टाकायचं नाय. ॲप काम काय करतं आणि मागतं काय, दोन्ही बघायचं.” माझ्या टॉर्चच्या ॲपला सगळ्यांचे फोन नंबर हवे होते! उजेड पाडायला नंबर कशाला? ओपन सोर्स म्हणजे काय, तेही समजावलं. त्याची कृती सगळ्यांपुढे उघडी असते, आत काय घातलंय ते जाणकाराला तपासता येतं. मी माझ्या मसाल्याची कृती लपवते, तसं तिथे चालत नाही. तरी डोळे मिटून विश्वास नको, परवानग्या तिथेही बघायच्याच, असं म्हणाला. आता यादी कॉम्प्युटरवरच, अशाच उघड्या कृतीच्या लिब्रेऑफिसमध्ये, पासवर्ड लावून. इंटरनेटला फायरफॉक्स, निरोपांना सिग्नल. अण्णांनी मात्र सिग्नलला साफ नकार दिलाय. मग त्यांना रोज ‘शुभ सकाळ’ची गुलाबाची फुलं कोण पाठवणार?

एकेका ॲपच्या परवानग्या बघता बघता विनीत थांबला.

“काकू, हे लोकेशनवालं कोणी टाकलं?”

“मी.”

“रुचिताला माहितेय?”

मी गॅस बघायला उठले. गॅसवर काहीच नव्हतं.

रुचिता, तुला डेंग्यू झाला होता तेव्हा तुझा फोन माझ्याकडे होता. ते ॲप मी तेव्हाच तुझ्या फोनात घातलं. तू कुठे आहेस ते माझ्या नकाशावर निळ्या ठिपक्याने दिसायचं. ठिपका स्टेशनात आला की मी कुकर लावायचे. तुला गरम भात मिळायचा, म्हणून मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

ऑगस्टमध्ये तू ऑफिसला जाते म्हणालीस आणि ठिपका चार तास विठ्ठलवाडीतून हलला नाही. मी अण्णांना सांगितलं. त्या ठिपक्याच्या पत्त्यावर, सर्वेशच्या दारात जाऊन, त्याच्या आईसमोर ते तुला तसं बोलतील असं मला वाटलं नव्हतं. पण सांगितलं मीच. तुझं आणि सर्वेशचं जमलंय हे फक्त विनीतला माहीत होतं, म्हणून तू आळ त्याच्यावर घेतलास. घर सोडताना त्याला ‘चुगलखोर’ म्हणालीस, तेव्हा मी तिथेच उभी होते आणि गप्प राहिले. भाऊबीजेला तो नवा शर्ट घालून दुपारपर्यंत तुझी वाट बघत बसला होता. जाऊबाईंनी हे सांगितलं, तेव्हाही मी गप्प राहिले. मला भीती वाटली गं. तू त्याच्याशी बोलणं टाकलंस, तसं माझ्याशीही टाकशील.

त्या रविवारी त्याला सगळं कळलं. एवढंच म्हणाला, “तुझ्या फोनमधलं काढतो. तिच्यातलं तिला सांगूनच काढायला लागेल.” तर सांगते आहे. सेटिंग्जमध्ये ॲप्सची यादी उघड. ‘घरची सोबत’ नावाचं सापडेल, ते काढून टाक. मी तुला कधी विचारलंच नाही, सगळं परस्पर घेतलं. चुकले मी.

अण्णांना हे पत्र वाचून दाखवलंय. त्यांचा चहा तसाच राहिला.

माझ्यावर रागाव, हवं तितके दिवस माझा फोन उचलू नकोस. विनीतला मात्र आजच फोन कर. त्याने सांगितलं नव्हतं.

तुझी माफी मागणारी,
आई