लाल टीच्या पलीकडे

३ फेब्रुवारी, सोमवार
सासरेबुवांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं, पुढच्या महिन्यात. वाईट वाटलं. मग लक्षात आलं, रविवारच्या गोल्फच्या चौकडीत त्यांची जागा रिकामी होणार. उरले निवृत्त जज्ज, दातांचे डॉक्टर आणि कंत्राटदार. जागा शक्यतो घरातच द्यायची असं म्हणतात, म्हणजे मलाच. फक्त तेवीस तारखेला एक फटका मारून दाखवायचा. बॉल लाल टीच्या, म्हणजे बायका जिथून खेळतात त्या जागेच्या, पुढे गेला पाहिजे. ज्याचा जात नाही त्यानं त्या दिवशी सगळ्यांच्या काठ्यांच्या ट्रॉल्या ओढायच्या, असा चौकडीचा जुना नियम. कमकुवत लोकांसाठी असावा.
लग्न झाल्यापासून या माणसानं मला एकदाही शाब्बास म्हटलेलं नाही. आता म्हणावंच लागेल.

४ फेब्रुवारी
आत्मपरीक्षण केलं. स्टाइल उत्तम. ताकद तेवढी कमी. उद्यापासून पहाटे व्यायाम. साखर बंद.

५ फेब्रुवारी
जाग आली नाही. स्नायू झोपेतच वाढतात, असं वाचलंय. चहात साखर घेतली, कारण अशक्तपणा वाटत होता.

७ फेब्रुवारी, संध्याकाळी
हॉलमध्ये सराव. जड काठी फिरवली की नंतर हलकी काठी आपोआप वेग घेते, म्हणून काठीला बायकोचे व्यायामाचे वजनाचे पट्टे गुंडाळले. एक पट्टा सुटला. झुंबर गेलं. हिनं माझ्या हातात झाडू दिला. फिरवून पाहिला. हाताला बरा बसतो.

९ फेब्रुवारी, रविवार
सरावाच्या मैदानावर. व्हिडिओ काढायला हिला नेलं. सुरुवातीचे फटके हवेत गेले. बॉल जागेवरच. वारा उलटा होता. जोर कमी कर, बॉलकडे बघ, असं ही सारखी सांगत होती. हिला लहानपणी बाबांनी शिकवलं होतं म्हणे. असेल.
मी कंबर चोळत बसलो होतो तेवढ्यात हिनं माझ्याच काठीनं दोन-चार फटके मारले. बरेच लांब गेले. तिकडे उतार आहे. तरी हिची पकड मी सुधारून दिली.

१२ फेब्रुवारी, ऑफिस
लंच टाइममध्ये कॉरिडॉरमध्ये छत्रीनं सराव. ऐन फटक्यात छत्री उघडली. अकाउंट्सच्या मॅडमचा चहा त्यांच्याच साडीवर. साहेबांनी बोलावून समज दिली. या ऑफिसात खेळाडूंची कदर नाही.

१८ फेब्रुवारी
कंबर धरली आहे. म्हणजे ताकद येते आहे, फक्त अजून कमरेतच अडकली आहे.

२२ फेब्रुवारी, शनिवार
अस्वस्थ. टीव्ही लावला, बंद केला. गॅलरीत गेलो, आत आलो. पुन्हा काठी पुसली. ही पेपर वाचत होती. वर न बघताच म्हणाली, "तू बॉलला मारतोयस, की बाबांना दाखवतोयस?"
मनाला लागलं. पुन्हा काठी पुसली.

२३ फेब्रुवारी, रविवार
सासरेबुवा खुर्ची टाकून बसले होते. बाकीचे तिघे आणि ही मागे. होती नव्हती तेवढी सगळी ताकद लावली. काठी सुसाट फिरली. बॉल टीच्या खुंटीवरून खाली पडला आणि माझ्या बुटापाशी थांबला. काठीच्या वाऱ्यानंच पडला असणार. म्हणजे वेग होता.
कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.
मग जज्जसाहेबांनी विचारलं, घरात आणखी कोणी खेळतं का. सासरेबुवांनी हिच्याकडे पाहिलं. हिनं पर्स माझ्या हातात दिली आणि काठी घेतली. अगदी सावकाश फिरवली, जोर म्हणून नाही. बॉल लाल टीच्या पलीकडे पार दिसेनासा झाला. पकड मीच सुधारून दिली होती, हे मी दोनदा सांगितलं. कंत्राटदार तेव्हा हिला आजच्या खेळात घेऊन पुढच्या रविवारचीही वेळ सांगत होते.

संध्याकाळी
नियम म्हणजे नियम. मी ट्रॉल्या ओढल्या. हिचीही. शेवटच्या चढावर दोन-दोन करून चारही वर नेल्या. सासरेबुवा बॅटरीच्या गाडीतून मागून येत होते. म्हणाले, "शाब्बास, जावईबापू. अंगात ताकद आहे."
हिलाच म्हणाले की काय, म्हणून मी वळून पाहिलं. ही केव्हाच पुढे गेली होती.